शनिवारची शंका

धाकटी त्या संध्याकाळी वाचनालयात गेली होती ती पडदे लावायला. कुठली भाषा शिकायला नाही, आणि प्रेमात पडायला तर मुळीच नाही. पण करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, हा जगाचा नियमच आहे, त्याला धाकटी तरी काय करणार.

पडदे वाचनालयाचेच. धुवून, इस्त्री करून पोचवायचे होते. घरच्या लाँड्रीतली असली पोचवायची कामं दुकानातला गडी करायचा, पण बाहेर बारीक पावसाची पिरपिर लागलेली, गडी सर्दीने आडवा झालेला, तेव्हा आईने गठ्ठा हिच्या हातात ठेवला आणि "भिजवलेस तर पुन्हा तूच धुशील," एवढंच म्हटलं. धाकटी म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी. थोरली लग्न करून दूर गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण हिचं नाव काही बदललं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा तिला धाकटीच म्हणत.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांब टेबलाभोवती चार-पाच माणसं लॅपटॉप उघडून बसली होती. दारावर कागद चिकटवलेला: 'शंकानिरसन, बुधवार आणि शनिवार.' धाकटीने त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, खिडकीशी स्टूल ओढलं आणि वर चढली. स्टूल डुगडुगलं. तेवढ्यात खालून एक हात आला आणि त्याने स्टुलाचा पाय धरला.

"लावा सावकाश," खालचा आवाज म्हणाला. "मी धरलंय."

तिने खाली पाहिलं. चष्मा, कपाळावर आलेले केस, आणि अंगात असा चुरगळलेला शर्ट, की धाकटीचे हात शिवशिवले. प्रेमाने नव्हे, धंद्याच्या सवयीने. पाठीवर चार घड्या, कॉलरचं एक टोक वर, एक खाली. तिने नजर काढून घेतली ती टेबलावरच्या एका स्क्रीनवर पडली. एक निवृत्त पोस्टमास्तर तिथे डोकं धरून बसले होते, कारण त्यांनी बारा आणि तीन यांची बेरीज केली होती आणि उत्तर आलं होतं एकशे तेवीस.

धाकटीला वरूनच हसू आलं. "आमच्याकडे अशी बेरीज केली तर बारा शर्ट टाकणाऱ्याला कपाट नवीन घ्यावं लागेल," ती म्हणाली.

स्टूल धरणारा हसला, त्याबरोबर स्टूलही हललं. मग त्याने पोस्टमास्तरांना आणि तिला, दोघांना मिळून सांगितलं, की यंत्राची काही चूक नाही. आकडा अवतरणचिन्हात घातला की तो आकडा राहत नाही, अक्षरं होतात. अक्षरांची बेरीज म्हणजे नुसतं एकाशेजारी एक ठेवणं. बारा, शेजारी तीन. पोस्टमास्तरांना हे पटायला वेळ लागला. धाकटीला मात्र लगेच पटलं, आणि पडदा लावून झाल्यावरही ती स्टुलावर थोडी जास्तच उभी राहिली.

"तुम्ही पण शिका की," तो म्हणाला.

"मला काय करायचंय शिकून?"

"दिवसभर जे पुन्हा पुन्हा करता, ते यंत्राकडून करून घ्यायचं."

हे वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. कारण धाकटी दिवसभर पुन्हा पुन्हा काय करायची, तर फोन. आपले कपडे तयार आहेत, घेऊन जा. गेल्या महिन्यातला कोट आहे, घेऊन जा. लोक हो म्हणायचे आणि विसरायचे, आणि दुकानात हँगरला हँगर लागून जागा उरायची नाही.

पुढच्या बुधवारी ती थोरलीचा जुना लॅपटॉप घेऊन वाचनालयाचा जिना चढली. भाषेचं नाव पायथॉन. आईने विचारलं, भाषेला अजगराचं नाव कशाला ठेवलं, तर धाकटीला सांगता आलं नाही. शिकवणारा दिवसा बस कंपनीच्या कचेरीत वेळापत्रकं बसवायचं काम करायचा आणि आठवड्यातल्या या दोन संध्याकाळी इथे फुकट बसायचा. "बस कंपनीत आहे" एवढंच आईने ऐकलं आणि तो बस चालवतो असं ठरवून टाकलं. तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं बसवाला. पुढे धाकटीही मनातल्या मनात तेच म्हणू लागली, पण समोर मात्र "अहो, जरा बघता का?"

नव्या माणसाला ही भाषा जिथे जिथे पाडते, तिथे तिथे धाकटी पडली. ओळीच्या आधी किती जागा सोडायची यात ती घसरली. त्या रिकाम्या जागेवरूनच कुठली ओळ कुणाच्या पोटातली ते ठरतं हे तिला ठाऊक नव्हतं. एक 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे ठेवून देणं आणि दोन म्हणजे विचारणं, हे ती रोज शिकायची आणि रोज विसरायची. मोजणी एकापासून सुरू केली, तर यादीतला पहिला माणूस, म्हणजे चौकातला न्हावी, बिचारा दर वेळी वगळला जायचा, कारण ही भाषा शून्यापासून मोजते. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की ती घाबरून झाकण बंद करायची.

बसवाला झाकण पुन्हा उघडायचा. उत्तर कधी द्यायचा नाही. "ती अक्षरं ओरडत नाहीयेत," तो सांगायचा. "कुठे अडलं ते सांगतायत. वाचा, मी आहे इथे." मग ती वाचायची. आणि खरंच, शांतपणे वाचलं की चूक आपण होऊन हात वर करायची. धाकटीच्या शंका इतक्या असायच्या, की टेबलावरच्या मंडळींनी तिचं नाव शंकासुर ठेवलं.

काही आठवडे असेच गेले. आणि मग एका बुधवारी दुपारी, दुकानात वाफेच्या इस्त्रीमागे बसून तिने लिहिलेला प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. लाल अक्षर नाही, काही नाही. न्हाव्याचासुद्धा मेसेज बरोबर तयार झाला. धाकटी आनंदाने उठली... आणि पुन्हा बसली. आज संध्याकाळी कुठल्या निमित्ताने जायचं?

तेव्हा तिला आपल्या मनातलं कळलं. तिने दाराकडे पाहिलं, आई गिऱ्हाइकाशी बोलत होती, आणि एखादं पाप करावं तसं तिने एका ओळीच्या शेवटची दोन टिंबं खोडून टाकली.

त्या संध्याकाळी ती दोन टिंबं सापडायला दोघांना जवळजवळ तास लागला.

पुढे हे नेहमीचंच झालं. कधी एक कंस कमी, कधी एखाद्या नावात एक अक्षर चुकलेलं. चूक निवडतानाही ती विचार करायची. फार सोपी नको, लगेच सापडेल. फार अवघड नको, तो घरी घेऊन जातो म्हणायचा. बसवाला तिच्या शेजारी खुर्ची ओढायचा, बाह्या वर करायचा आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून हळूहळू वाचत यायचा. त्याच्या कोपराचा तिच्या कोपराला अगदी ओझरता स्पर्श व्हायचा, आणि मग दोघंही कोपरं आवरून घ्यायचे. केवढी चिकाटी या माणसाची, धाकटीला वाटायचं. एका टिंबासाठी सगळी पानं वाचतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी तिला धास्तीही असायची, की एक दिवस याला कळेल.

एका शनिवारी पाऊस थांबेना म्हणून दोघं वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. पागोळ्या समोर सरळ धारेने पडत होत्या.

"तुमच्या शंका मला आवडतात," तो म्हणाला.

"शंका काय आवडायच्या?"

"एका वेळी एकच असते. बाकी सगळं स्वच्छ... आणि मधेच एक. कधी दोन नाहीत."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने पावसाकडे बघत, उघडलं वाटतं, असं म्हटलं आणि भर पावसात चालू पडली.

इकडे बसवाल्याच्या शर्टांना चांगले दिवस आले होते. दर मंगळवारी तो दुकानात दोन-तीन शर्ट घेऊन उभा. धाकटी शर्ट उलगडून बघायची आणि भुवई वर करायची. निळा गेल्या आठवड्यातही होता, ती म्हणायची. तो म्हणायचा, आवडता आहे. ती म्हणायची, आवडत्या शर्टाला कुणी इतकं चुरगाळतं का? त्यावर तो नुसता काउंटरवरच्या टोकनाशी खेळत बसायचा, आणि मागे आई घड्या घालताना उगीचच खाकरायची.

आता आईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या एका नियमाभोवती फिरतं. आई म्हणायची, लाँड्रीवाल्याला डोळे असतात, तोंड नसतं. कुणाच्या बाहीला कसला डाग, कुणाची कंबर किती सैल करावी लागली, कुणाच्या घरातल्या चादरी अचानक निम्म्या झाल्या, हे सगळं दुकानाला कळतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात बाकी दुकानं स्वस्त होती, चकचकीत होती, तरी लोक इथे यायचे ते त्या बंद तोंडासाठी. म्हणूनच मेसेजचं खूळ आईला पसंत नव्हतं. ज्याचे कपडे त्यालाच कळवायचे, दुसऱ्याला त्यातला मोजासुद्धा कळणार नाही, असं धाकटीने शंभरदा सांगितलं. आई म्हणाली, बघू.

धाकटीने मग जीव लावून सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक रिकामी यादी, तिच्यात त्याचे कपडे, कपड्यापुढे काय काम केलं ते, आणि मेसेज रवाना. स्वतःच्या फोनवर एकेक करून पाठवून पाहिला. चोख. त्या बुधवारी ती वाचनालयात गेली तेव्हा तिने कुठलंही टिंब खोडलं नव्हतं. आज तिला मदत नको होती. आज तिला त्याने आपलं काम बघायला हवं होतं.

बसवाला वाचत गेला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिनेही हसून पाहिलं, आणि का कोण जाणे, तोही हसला. बोट पुढे सरकलं.

"छान झालंय," तो म्हणाला. "शनिवारी येताय ना?"

"येते की."

ती जिना उतरली ती जवळजवळ पळतच. घरी जाऊन तिने आईला इतकं काही सांगितलं, की दुसऱ्या दिवशी आईने हात टेकले आणि म्हणाली, कर बाई तुझ्या मनासारखं.

शुक्रवारी सकाळी धाकटीने पहिल्यांदाच सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम मेसेज सोडले.

पहिला आला न्हावी. त्याच्या मेसेजमध्ये त्याचेच दोन टॉवेल होते, तो टॉवेल घेऊन गेला. दुसरी आली दाताची डॉक्टरीण. तिने विचारलं, माझ्या कोटाबरोबर न्हाव्याचे टॉवेल का आहेत? धाकटीने स्क्रीनकडे पाहिलं. तेवढ्यात वकीलसाहेब आले, त्यांना आपल्या काळ्या कोटाबरोबर न्हाव्याचे टॉवेल, डॉक्टरणीचा कोट आणि बँडवाल्याची पँट, 'कंबर दुसऱ्यांदा सैल केली' या शेऱ्यासकट मिळाली होती. बँडवाला त्यांच्या मागेच उभा होता. नंतर फोन सुरू झाले. मागच्या प्रत्येकाचे कपडे पुढच्याच्या मेसेजमध्ये चढत गेले होते. यादीत अगदी शेवटी असलेल्या निवृत्त न्यायाधीशांच्या फोनवर तर अख्ख्या गावाचं गाठोडं उतरलं होतं, डागांसकट, शिलाईसकट.

आई काउंटरवर उभी राहून एकेका गिऱ्हाइकाची माफी मागत होती, आणि तिचा तो खालचा, सपाट आवाज ऐकणं धाकटीला आईच्या रागावण्यापेक्षा जड जात होतं. आयुष्यभर न उघडलेलं तोंड हिने एका सकाळी चव्हाट्यावर उघडलं होतं. दुकान उद्या चालेल की नाही, हे आता लोक ठरवणार होते.

दुपारी बसवाला आला. त्याचे शर्टही यादीत होते, तेव्हा मेसेज त्यालाही गेला होता. कचेरीतून तसाच उठून आला असावा, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. तो सरळ काउंटरच्या आत आला, लॅपटॉप आपल्याकडे वळवला, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचत बसला नाही. त्याचं बोट थेट एका ओळीवर गेलं.

"ही रिकामी यादी," तो म्हणाला. "तुम्हाला वाटलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी टोपली मिळते. फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामातल्या या कामाच्या तुकड्याच्या, डोक्यावर लिहिली की ती एकदाच मिळते. पुढच्या प्रत्येकाला तीच, आधीच्या कपड्यांसकट. एकेकाला पाठवून बघताना हे कळत नाही, कारण प्रोग्राम दर वेळी नव्याने सुरू होतो. सगळेजण फसतात यात. मीही फसलोय."

त्याने ती टोपली आत नेऊन ठेवली. दोन ओळींचं काम. धाकटी बघत राहिली. तिच्या मनात काहीतरी खुपत होतं, आणि ते काय ते तिला एकदम कळलं.

"तुमचं बोट," ती म्हणाली. "बुधवारी इथेच थांबलं होतं."

बसवाल्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"हो. मी बुधवारीच पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

काउंटरपलीकडे बँडवाला पँट हातात धरून उभा होता, मागे आईची घडी अर्ध्यावर थांबली होती.

"मला वाटलं," तो म्हणाला, "ही तू शनिवारसाठी ठेवली आहेस."

"म्हणजे?"

"दर वेळी एक ठेवतेस ना... दोन टिंबं, नाहीतर कंस. या वेळी फारच सुंदर चूक निवडली आहेस असं वाटलं. मी बोललो असतो, तर शनिवारी तुला यायला काही उरलं नसतं. म्हणून गप्प बसलो. तू यावंस म्हणून."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. दुसरा कुठलाही दिवस असता तर धाकटीने तो शब्द घरी नेऊन उशाशी ठेवला असता. पण आज तिला एकाच वेळी इतकी लाज वाटली आणि इतका राग आला, की दोन्ही मिळून डोळ्यांतून बाहेर पडायला बघू लागले. म्हणजे याला ठाऊक होतं. कधीपासून, तिने विचारलं. पहिल्या दोन टिंबांपासून, तो म्हणाला, ती खोडलेली पहिल्या नजरेतच दिसली होती.

"तुम्ही जा," धाकटी म्हणाली. "आईचं दुकान आहे हे. खेळ नाही."

तो गेला. जाताना आईसमोर थांबून त्याने, चूक माझी, मी सांगायला हवं होतं, एवढं स्पष्ट म्हटलं. आईने मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही.

संध्याकाळी धाकटी दारोदार फिरली. डॉक्टरणीने हसण्यावारी नेलं. वकीलसाहेबांनी दहा मिनिटं कायदा सांगितला आणि मग धुवायला चादरी दिल्या. न्यायाधीशांनी मात्र दार अर्धंच उघडलं, आपले कपडे परत मागितले, आणि पुन्हा येणार नाही म्हणाले. ते तिला लागलं. पण सगळ्यांत शेवटी ती जिच्याकडे गेली, तिची भीती तिला सर्वांत जास्त होती. ती होती पियानो शिकवणारी बाई. बाई एकट्या राहायच्या आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर पुरुषाचा एक मोठा कोट धुवायला आणायच्या. कुणाचा, हे आईने कधी विचारलं नव्हतं. आज तो कोट अर्ध्या गावाच्या फोनवर गेला होता.

बाईंनी तिला आत बसवलं. धाकटीने माफी मागितली.

"आज तिघांनी विचारलं, कुणाचा कोट म्हणून," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं त्यांना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो इथे व्हायोलिन शिकवायचा. दुसऱ्या गावी नोकरी लागली, तर कोट खुंटीला ठेवून गेला. म्हणाला, थंडीत न्यायला येईन. मी नुसतं बरं म्हटलं. नक्की ये असं मी म्हटलं नाही, आणि येऊ ना असं त्याने विचारलं नाही. आम्ही दोघं फार समजूतदार होतो."

"मग आले नाहीत ते?"

"मुद्दाम न्यायला यावं इतका काही तो कोट भारी नव्हता गं," बाई हसल्या. "आता तर अंगात बसणारही नाही त्याच्या. चल, चहा घे."

धाकटीने चहा घेतला. परत येताना ती वाचनालयाच्या रस्त्याने आली नाही, मुद्दाम लांबून आली, पण विचार काही रस्ता बदलत नव्हते.

शनिवारी दुकानात गिऱ्हाइकं आली. रोजच्यापेक्षा कमी, पण आली. आईने प्रत्येकाची पावती स्वतः फाडली. संध्याकाळ झाली तशी धाकटी उगाच काचा पुसू लागली, पुसलेल्या काचा पुन्हा पुसू लागली.

"आज तुझं शंकानिरसन नाही?" आईने विचारलं.

"सगळं दुरुस्त झालंय. गरज नाही जायची."

आईने हातातली चादर खाली ठेवली. मग ती जे बोलली ते या दुकानाच्या इतिहासात तोवर घडलं नव्हतं.

"लाँड्रीवाल्याने बोलू नये," ती म्हणाली. "पण आता सगळं गावच बोलतंय, तर मीही एक बोलते. त्याचे शर्ट घातलेले नसतात. कॉलरला घाम नाही, बाहीला शाई नाही. इस्त्रीचा शर्ट घरी न्यायचा, हाताने चुरगाळायचा आणि मंगळवारी परत आणायचा. मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तू ताकाला जाऊन भांडं लपवतेस, आणि तो भांडं घेऊन येतो पण ताक काही मागत नाही. दोघांच्या मधे माझ्या दुकानाचं काय झालं ते बघितलंस ना?"

धाकटीने काचेवरचा नसलेला डाग पुन्हा पुसला.

"मी रागावले आहे," आई म्हणाली. "त्याच्यावर अजून थोडी जास्त. पण तो सगळ्यांसमोर, मी पाहिली होती, असं म्हणाला. कबूल केलं नसतं तर कुणाला कळणार होतं? जा आता. आणि काच फुटेल, फडकं ठेव ते."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबल भरलेलं होतं. बसवाला पोस्टमास्तरांशेजारी बसून काहीतरी समजावत होता. अंगात निळाच शर्ट, चुरगळलेला, आणि या वेळी खरोखर घातलेला असावा. धाकटी दारात दिसली तसं त्याचं वाक्य मधेच राहिलं. ती नेहमीच्या खुर्चीपाशी आली. लॅपटॉप आणला नव्हता. तिचे हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करावं हे तिला कळेना.

"या," तो सावधपणे म्हणाला. पुन्हा तो 'तुम्ही'वर गेला होता. "काय... शंका आहे?"

"शंका नाही," धाकटी म्हणाली. "आज विचारायला नाही आले. सांगायला आले. मी तुमच्यावर रागावले आहे, आणि तो राग एवढ्यात जाणार नाही. एक गिऱ्हाईक गेलं आमचं, ते परत येणार नाही. पण मी स्वतः काय केलं, तेही मला ठाऊक आहे. दोन महिने मी इथे खोट्या चुका आणल्या, कारण मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. सरळ सांगायची हिंमत नव्हती. मला तुम्ही आवडता. झालं. एवढंच."

टेबलावरचे सगळे आपापल्या स्क्रीनकडे इतक्या मन लावून बघू लागले, की तेवढं मन त्यांनी अभ्यासात लावलं असतं तर त्यांना शंकाच उरल्या नसत्या. पोस्टमास्तरांनी तर चष्मा उलटा घातला.

बसवाला उठून उभा राहिला. त्याने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. मग तिच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मी दुकानात येऊन आईंना भेटेन. रोज, त्यांचा राग जाईपर्यंत. न्यायाधीशांकडेही जाऊन येतो, ते आत घेवोत न घेवोत. पण... त्याआधी मला एक विचारायचं आहे. मी आजवर सरळ कधी विचारलं नाही."

"विचारा."

"उद्या रविवार आहे. दुकान बंद. मी तुला भेटायला येऊ?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. त्या चुरगळलेल्या शर्टाकडे, वर-खाली झालेल्या कॉलरच्या टोकांकडे, चष्म्यामागच्या घाबरलेल्या डोळ्यांकडे. तिने हात पुढे केला आणि ते वर आलेलं कॉलरचं टोक बोटाने खाली बसवलं. सगळ्यांदेखत.

"ये," ती म्हणाली. "पण रिकाम्या हाताने ये."